लांब पल्ल्याची गाडी

सकाळी चहाचं आधण ठेवलं, की कुडाळच्या जगदाळ्यांच्या घरात मांडणीवरची भांडी थरथरायची. आधी एक दणका, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. आबा पलंगावरून ओरडायचे, "काय गं फुटलं?" आणि त्यांची मुलगी रेश्मा गाळणं हातात धरून, मान वर न करता सांगायची, "खाणीत सुरुंग लावलाय, आबा. हायवेला खडी लागते."

तीन वर्षं रोज सुरुंग! अहो, एवढ्यात अख्खा सह्याद्री भुईसपाट होऊन त्याच्यावर भात लावता आला असता. पण आबांना काचबिंदूनं दिसत नव्हतं, अर्धांगवायूनं पलंगावरून उठता येत नव्हतं, आणि रेश्मा सांगेल तेवढंच जग त्यांच्यापर्यंत पोचत होतं. टीव्ही तिनं बिघडवून ठेवला होता, फोन तिच्याच हातात असायचा. भेटायला येणाऱ्याला फाटकातच दम भरलेला असायचा, की आत जाऊन उडीचं नाव काढायचं नाही.

तर ही उडी. कंपनीनं ठेवलेलं तिचं लांबलचक नाव कोणाच्याच तोंडात बसलं नाही, लोक उडीच म्हणायचे. साधं विमान जन्मभर हवेशी भांडत जातं. पुढची हवा बाजूला सारा, मग पुढे सरका. उडीनं हे भांडणच मिटवलं. मालवणसमोर खोल समुद्रात एक तरंगता तळ होता, तसाच दुसरा अमेरिकेत बॉस्टनसमोर. तिथून रॉकेट सुटायचं आणि काही मिनिटांत हवेच्या थराच्या वर निघून जायचं. वर हवाच नाही, तर अडवणार कोण? इंजिन बंद. पुढे पोरानं भिरकावलेल्या दगडासारखं, नुसत्या फेकीच्या जोरावर, तासाला सत्तावीस हजार किलोमीटरच्या वेगानं ते पृथ्वीला वळसा घालून यायचं. बॉस्टन ते मालवणचा समुद्र, साडेबारा हजार किलोमीटर, पन्नास मिनिटांत. उतरताना पुन्हा हवेत शिरलं, की त्याचा वेग आवाजाहून जास्त असायचा. समोरच्या हवेला बाजूला व्हायलाही सवड नाही. दबलेल्या हवेचा तो फटका जमिनीपर्यंत पोचायचा, एक नाकाडाचा, एक शेपटाचा. हेच ते दोन सुरुंग.

आता गंमत बघा. बॉस्टनहून यायला बावीस तास लागत होते, दुबईला ताटकळावं लागत होतं, तेव्हा रेश्माचा धाकटा भाऊ धैर्यशील दोन वर्षांतून एकदा का होईना, तीन आठवड्यांसाठी यायचा. आबांचे पाय चेपायचा. जाताना रडायचा. उडी सुरू झाली, आणि त्याचं येणंच बंद झालं. कारण आता तो कधीही येऊ शकत होता! पुढच्या आळीतल्या माणसाची जशी वर्षावर्षात गाठ पडत नाही, तसलाच प्रकार. "अगं ताई, पन्नास मिनिटांवर तर आहे मी," तो म्हणायचा, आणि पुढचा शनिवार त्याच्या पुढच्या शनिवारावर जायचा. एकदा मित्राच्या लग्नाला तो गोव्यात येऊन गेला. आला, जेवला, नाचला, परत गेला. गोव्याहून कुडाळ दोन तासांचं. रेश्माला ते फोटोत कळलं. त्या दिवशी तिनं भाजी करपवली आणि आबांना सांगितलं, की गॅस मोठा राहिला.

हे तिनं आबांना का सांगितलं नाही, ते कळायला आबा कळायला हवेत. हिंदुराव जगदाळे, मूळचे कराडकडचे, एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून कुडाळच्या स्टँडवर आले आणि इथंच राहिले. नोकरीभर त्यांचे दोन नियम होते. पहिला, पाळीतली शेवटची गाडी फलाटाला लागल्याशिवाय जेवायचं नाही. घाटात दरड कोसळली म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी राहिलेला माणूस. आणि दुसरा, लांब पल्ल्याच्या गाडीला उशीर माफ. "तुळजापूरहून येणाऱ्यावर काय ओरडायचं? वाटेत काय काय झालं असेल त्याच्या," म्हणायचे. पण मालवणहून येणारी गाडी अर्धा तास उशिरा आली, की त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या फलाटावर उभ्या करायचे. जवळच्याला माफी नाही.

म्हणून रेश्मानं भावाला लांब ठेवला. "बावीस तास लागतात आबा, तिकिटं मिळत नाहीत, दुबईत वादळं होतात." आणि आबा समजुतीनं मान हलवायचे. "लांब पल्ल्याची गाडी आहे बाई. लागेल तेव्हा लागेल." मुलगा वाईट नाही, अंतर वाईट आहे, एवढ्यावर तो म्हातारा जगत होता. त्याच्यासाठी तिनं साडेबारा हजार किलोमीटर एकटीच्या डोक्यावर धरून ठेवले होते. तिचं लग्न दोनदा जमत आलं आणि आबांचं कोण करणार म्हणून दोनदा मोडलं. ते जाऊ दे, तिनंच जाऊ दिलं.

त्या वर्षी गणपती झाले आणि आबांचं खाणं तुटलं. डॉक्टरांनी फाटकाशी उभं राहून सांगितलं, "आता महिनाभर म्हणा. ज्यांना भेटायचंय त्यांना बोलवा."

तिनं फोन लावला.

"ताई, या महिन्यात अशक्य आहे गं," धैर्यशील म्हणाला. "तू एक कर. अगदी शेवटी सांग. मी तासा-दोन तासांत पोचतो. हल्ली सगळे असंच करतात."

"शेवटी म्हणजे कधी, धैर्या? गाडी सुटायची घंटा असते का त्याला?"

"डॉक्टरांना अंदाज असतो की. आणि आत्ता येऊन तरी काय करू? ते झोपूनच असणार."

"त्यांना तुझ्या हातचं पाणी प्यायचंय. रोज तेच बोलतात. शेवटचं पाणी धैर्याच्या हातचं. जिवंत असताना ये रे."

"बघतो," तो म्हणाला. त्याचं बघणं तिला ठाऊक होतं.

दोन आठवडे गेले. आबांच्या नरड्यात घरघर सुरू झाली. आणि एका पहाटे रेश्माच्या डोक्यात जे शिरलं, ते वाईट होतं, पण तिला दुसरं काही सुचेना. तिनं फोन लावला आणि कोरड्या आवाजात सांगितलं, "धैर्या, आबा गेले."

तो म्हणाला, "अरेरे. बरं. मी निघतो. मी येईपर्यंत हलवू नका."

मेलेल्या बापासाठी त्याला एका वाक्यात सवड झाली! रेश्मानं फोन ठेवला आणि हसावं की रडावं ते न कळून तिनं पाणी तापत ठेवलं. आबांचं अंग पुसलं, दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला. "आबा, धैर्या येतोय. काल निघालाय तिकडून."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला, की तिला पापाची भीतीच राहिली नाही. "काल निघाला? म्हणजे दुबई सोडली असेल. दमला असेल गं पोरगा. पिठलं कर. आणि मला आत्ता काही देऊ नकोस. गाडी लागू दे."

आधण उकळलं तेव्हा भांडी थरथरली. दोन दणके. "काय गं फुटलं?" "सुरुंग, आबा," ती म्हणाली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली.

तळावरून बोटीनं जेट्टीला उतरून, तिथून गाडी करून तो आला. पांढरा झब्बा, पायात बूट, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला निशिगंधाचा भलाथोरला हार. चेहरा रीतसर पाडलेला. रेश्मानं त्याचा दंड धरला.

"ओरडू नकोस. आबा आहेत. जिवंत आहेत."

"म्हणजे?" त्याला कळायलाच वेळ लागला. "मेले नाहीत? ताई, तू वेडी आहेस का? मी कामं टाकून आलोय! सगळ्यांना कळवलंय मी!"

"हळू बोल. आणि ऐक, विचारलं तर सांग, काल निघालो. बावीस तास लागले."

"कसले बावीस तास?"

"धैर्या?" आतून आवाज आला. "धैर्या आला का गं?"

तिला पुढचं सांगायला सवडच मिळाली नाही. तो बुटांसकट आत गेला, टाक्‌टाक्‌ वाजत. आबांनी चालता हात हवेत पसरला होता. तो वाकला, तसा त्यांचा हात हाराला लागला.

"हे काय रे? हार?"

धैर्यशीलनं बहिणीकडे पाहिलं. "तुमच्यासाठी आबा."

"माझ्यासाठी!" प्रेताचा हार म्हाताऱ्यानं आपल्या हातानं गळ्यात घातला. फुलं चाचपली, वास घेतला. "रिटायर झालो तेव्हाही एवढा मोठा घातला नव्हता रे कोणी. बस, बस. प्रवास कसा झाला? दुबईला किती वेळ खोळंबलास?"

"दुबई कुठली आबा? जेवून निघालो, ते जेवण अजून पचलं पण नाही. पन्नास मिनिटं लागतात आता."

रेश्मा दारात उभी होती, हातात पाण्याचं भांडं घेऊन.

"किती?" आबा म्हणाले.

"पन्नास मिनिटं. उडी आहे ना. तो दणका ऐकत नाही का तुम्ही रोज? तीच."

"कधीपासनं आहे ही?"

"झाली की तीन वर्षं." बोलून गेल्यावर त्याला त्याचा अर्थ कळला.

रेश्मा देवाचं नाव घेत होती. आता म्हातारा फुटणार, आता त्या मालवणच्या ड्रायव्हरसारखं धैर्याला उभं-आडवं घेणार, आणि मग त्याच धसक्यानं जाणार, असं तिला वाटत होतं. आबांनी मान वळवली. पण पोराकडे नाही, दाराकडे.

"तू मला सुरुंग सांगितलास."

"आबा..."

"तीन वर्षं! रोज सकाळी पोराची गाडी स्टँडात येऊन उभी, आणि तू मला सांगत होतीस घाट बंद आहे. मी बोलावलंच नाही त्याला. लांबून कशाला ओढायचं पोराला म्हणून हाक मारली नाही. गाडी वेळेवर होती. नियंत्रकानंच फलाटाला लावू दिली नाही."

"आबा, मी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून... तोच येत नव्हता हो! विचारा त्याला. धैर्या, सांग ना!"

आता इथं एका शब्दानं भागलं असतं. आबा, चूक माझी. धैर्यशीलनं बहिणीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि समोर सुटकेचं दार सताड उघडं दिसलं तसा त्यातून निघून गेला. "मला वाटलं, ताईनं तुम्हाला सांगितलं असेल," तो म्हणाला. "तुम्ही बोलावलं नाहीत, म्हणून मला वाटलं, तुम्हालाच नकोय."

पुरतं खोटं म्हणावं, तर आबांनी स्वतः कधी बोलावलं नव्हतं हे खरंच होतं. म्हाताऱ्यानं पोराचा हात छातीशी धरला आणि ढसाढसा रडला. करायला गेले काय नि वरती झाले पाय! पिठलं रेश्मानंच केलं होतं, ते बापलेकांनी खाल्लं. पाण्याचं भांडं तिनं पुढे केलं, तर आबांनी तोंड फिरवलं. "त्याच्याकडे दे. तो पाजेल."

दुपारच्या उडीनं धैर्यशील परत गेला. जाताना आबांच्या कपाळाला हात लावून म्हणाला, "आता काय आबा, पन्नास मिनिटं. शनिवारी येतोच." आणि फाटकाशी बहिणीला म्हणाला, "असलं परत करू नकोस, ताई. लोकांत हसं झालं माझं." तिनं विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "या वयात त्यांना कशाला दुखवायचं?" तिचीच तीन वर्षं त्यानं तिच्याच हातात ठेवली आणि गाडीत बसला.

त्या दिवसापासून आबांनी तिच्या हातचं बंद केलं. पेज शेजारच्या कुबलकाकू भरवायच्या. रेश्मानं गुपचूप चमचा पुढे केला, तर बांगड्यांच्या आवाजानं ते ओळखायचे आणि ओठ घट्ट मिटायचे. अंग पुसताना, कूस बदलताना गप्प राहायचे, जणू हॉस्पिटलातली परकी बाई. एकदा तिला राहवलं नाही. ती पलंगाच्या कडेवर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडली. आबा म्हणाले, "शेडमध्ये जाऊन रड. फलाट मोकळा ठेव."

आणि सकाळी दोन दणके झाले, की त्यांचा चेहरा उजळायचा. "आली. लागली गाडी." मग बोटीचा वेळ, रस्त्याचा वेळ मनाशी मोजत दाराकडे कान लावून पडून राहायचे. पहिला शनिवार गेला. दुसरा गेला. रेश्मानं फोन केले, आधी विनवण्या, मग शिव्या. "ताई, तुझं ऐकून एकदा आलो ना?" एवढंच उत्तर. आबा एकदाही त्याच्यावर चिडले नाहीत. "ही कळवत नसणार त्याला," कुबलकाकूंना सांगायचे. जवळच्याला माफी नाही हा त्यांचा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. फक्त जवळचं कोण, ते त्यांनी आपल्या मनाशी ठरवलं होतं.

मग एका सकाळी घरघरीचा सूर बदलला. डॉक्टर येऊन गेले आणि चप्पल घालताना त्यांनी नुसती मान हलवली. कुबलकाकू देवगडला लेकीकडे गेलेल्या. घरात रेश्मा आणि आबा. ओठांना भेगा पडलेल्या, जीभ चामड्यासारखी. तिनं चमचा लावला, ओठ मिटले. मरणाच्या दारातही त्या ओठांत तेवढी ताकद होती.

भांडी थरथरली. "आली," आबा पुटपुटले.

रेश्मा उठली. बाहेर व्हरांड्यात जाऊन तिनं दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या. पलंगाखाली आबांचे ड्युटीचे जुने बूट होते, ते हळूच बाहेर नेऊन पायात घातले. मग बोटीला लागतो तेवढा वेळ, रस्त्याला लागतो तेवढा वेळ ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. म्हातारा वेळेचा पक्का होता, लवकर आलेली गाडी त्याला खपली नसती. त्यानंतर ती टाक्‌टाक्‌ वाजत आत गेली आणि चमचा त्यांच्या ओठांना लावला.

"कोण? धैर्या?"

"हं," ती घशातून म्हणाली.

ओठ उघडले. एक चमचा, मग दुसरा, मग तिसरा. वासरासारखे प्यायले. तिचा हात आबांनी चाचपला, मनगट मोकळं लागलं, आणि त्यांनी तो गालाशी धरला.

"किती वेळ लागला रे?"

"पन्नास."

"शाबास. माझ्या बाळा." बराच वेळ नुसता श्वास चालला. मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि कानाशी, अगदी गुपित सांगावं तसं म्हणाले, "तू आलायस ते तिला सांगू नकोस. ती तुला परत बावीस तास लांब नेऊन ठेवील."

"हं," रेश्मा म्हणाली.

उन्हं अंगणात आली तोवर सगळं आटपलं होतं. तिनं बूट काढून पुसून पलंगाखाली ठेवले. आबांचे डोळे मिटले, हनुवटीला फडकं बांधलं. खुंटीवर तो निशिगंधाचा हार होता, वाळून दोरीच राहिलेला. तो त्यांनी कोणाला टाकू दिला नव्हता. तो गळ्यात घातला. मग तिनं फोन लावला.

तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. धैर्यशीलचा झोपाळलेला आवाज आला. "काय गं ताई? परत गेले की काय आबा?" आणि तो हसला. "रोज मरे त्याला कोण रडे!"

रेश्मानं पलंगाकडे पाहिलं. तोंडात आलेलं वाक्य तिनं गिळलं.

"नाही रे," ती म्हणाली. "आत्ताच पाणी प्यायले. शांत पडलेत."

"मग झोपू दे ना मला. दिवाळीला बघतो. पन्नास मिनिटं तर लागतात."

"सावकाश ये," ती म्हणाली, आणि फोन बंद करून मांडणीवरच्या डब्यात टाकला.

कुबलकाका फाटकाशीच उभे होते. डॉक्टरांना जाताना पाहिलं तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. आत येऊन आबांच्या पायाला हात लावला, डोळे पुसले, आणि हळूच म्हणाले, "झिलाक फोन केलंस? कधी पोचतलो?"

"त्याला बावीस तास लागतात काका, इतक्या लांबून," रेश्मा म्हणाली. "थांबायला नको. मडकं मी धरते."

ते या खोट्यात तीन वर्षं सामील होते, आणि आज सकाळचा दणका त्यांनीही ऐकला होता. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

"होय गो बाय," ते म्हणाले. "लांबचो पल्लो तो." आणि बांबू आणायला गेले.